कूलर, सॉना आणि अकरा अंशांचं पाणी

दर जुलैत आमच्या घरी कूलरवरून भांडण होतं. मे महिन्यात बाहेर ४५ असताना ज्या कूलरने खोली गार ठेवली, तोच पहिल्या दोन-चार पावसांनंतर नुसती चिकट हवा फेकत बसतो. बाबा म्हणतात गवत सडलं, आई म्हणते पंप गेला. गवतही ठीक असतं नि पंपही. बदललेली असते ती हवा. कूलर पाणी वाळवून गारवा देतो. मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की ओल्या गवतातलं पाणी अधाशासारखं ओढून घेते, आणि वाळणारं पाणी जाताना उष्णता घेऊन जातं. जुलैत हवा आधीच पोटभर प्यायलेली असते. मग पाणी वाळणार कुठे?

कूलरचं पुराण आधी लावलं, कारण सॉना समजायला एवढंच भांडवल लागतं आणि ते प्रत्येक नागपूरकराकडे असतं.

‘निसर्गाच्या कुशीत वेलनेस’ अशा काहीशा नावाने हल्ली एक ठरावीक पॅकेज विकलं जातं. जंगलाकाठी किंवा तळ्याकाठी लाकडी खोली, म्हणजे सॉना, आत ८०-९० अंशांची धग, तिथून निघून थेट गार पाण्यात, मग झाडाखाली आरामखुर्ची, आणि पुन्हा आत. अशा दोन-तीन फेऱ्या. मूळ प्रकार फिनलंड, एस्टोनिया, रशियाकडचा. आमच्या घरी अशी एक जाहिरात वाचून दाखवली तेव्हा आजीचा पहिला प्रश्न होता, “पैसे देऊन नवतपा?” (नवतपा म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस.) दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. आपल्याकडे ४५ला माणसं उष्माघाताने जातात, मग तिकडचे लोक ९०मध्ये बसून गप्पा कशा मारतात?

उत्तराचा पहिला भाग कूलरचाच आहे. सॉनातली हवा तापलेली असली तरी कोरडी असते, आर्द्रता साधारण १० ते २० टक्के. तिथे आपली कातडी म्हणजेच कूलरचं गवत. घाम सुटतो आणि वाळतो. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो.

दुसरा भाग स्वयंपाकघरातला. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये केक झाला का बघायला आपण हात घालतो, क्षणभर काही होत नाही. पण इडलीपात्राचं झाकण उघडताना मनगटाला वाफ लागली की ओरडतो, आणि ती वाफ तर १०० अंशांचीच असते. कोरडी हवा उष्णता पोचवण्याच्या बाबतीत फार आळशी आहे. पाणी तसं नाही, ते हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. आणि वाफ कातडीवर येऊन पुन्हा पाणी होते तेव्हा तिच्या पोटातली सगळी उष्णता तिथेच ओतते. त्यामुळे ९० अंशांच्या हवेत दहा मिनिटं निवांत बसणारा माणूस ५० अंशांच्या पाण्यात मिनिटभरही टिकणार नाही. सॉनातले बाक लाकडी असतात ते याचसाठी, आणि खिळ्यांची डोकी लाकडात दडवलेली असतात. आत जाण्याआधी मंगळसूत्र, चेन, जोडवी काढायला सांगतात तेव्हा वाद घालू नये. धातू तापतो आणि जिथे टेकलाय तिथे चटका देतो.

फिनिश लोक भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर अधूनमधून पळीने पाणी टाकतात. त्यातून उठणाऱ्या वाफेला त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे, ‘लोयलू’. भिंतीवरचा थर्मामीटर फारसा हलत नाही, पण अंगावर धगीची लाट येते. क्षणभर मेचा जुलै होतो. याच न्यायाने स्टीम बाथ म्हणजे सॉना नव्हे. स्टीमची खोली ४०-५० अंशांचीच असते, फक्त हवा वाफेने गच्च भरलेली. जिममध्ये स्टीम घेऊन “सॉना करून आलो” म्हणणारे पुष्कळ भेटतात. सॉना म्हणजे मे आणि स्टीम म्हणजे जुलै, एवढं लक्षात ठेवलं तरी गल्लत होत नाही.

तिसरा भाग वेळेचा, आणि आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. नागपूरचा उच्चांक ४७.९ अंश, २३ मे २०१३चा. (२०२४च्या मेअखेर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. नंतर कळलं की सेन्सर बिघडला होता. तोवर आम्ही नातेवाइकांना फोन करून मिरवून घेतलं होतं.) पण ४७ला माणूस दगावतो तो आकड्यामुळे नाही. तो सहा-आठ तास उन्हात राबलेला असतो, पाणी पुरेसं प्यायलेला नसतो, आणि रात्री पत्र्याखाली झोपतो तेव्हाही अंग निवत नाही. आतलं तापमान चढत चढत ४० ओलांडतं आणि अंग गार ठेवणारी यंत्रणा हात टेकते. सॉनात दहा-पंधरा मिनिटांत आतलं तापमान अंशभर चढतं, आणि दार हाताशी असतं. दार काढून टाकलं तर सॉनाही जीव घेतो. फिनलंडमधल्या हाइनोला गावी सॉनात सर्वांत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरायची. २०१० साली ११० अंशांच्या अंतिम फेरीत एक स्पर्धक मरण पावला, दुसरा गंभीर भाजला. त्यानंतर ती स्पर्धा भरली नाही.

त्या दहा मिनिटांत हृदय काय करत असतं? कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, कारण आतली उष्णता बाहेर आणायला रक्त हाच टँकर. तेवढं रक्त पुरवायचं म्हणून ठोके १००-१२०वर, कुणाकुणाचे १५०पर्यंत जातात. भराभर चालताना हृदयाला पडतं तेवढं काम बसल्याजागी पडतं. सॉनाचे म्हणून जे फायदे सांगितले जातात त्यांतले बरेचसे या व्यायामातून येत असावेत. ‘घामावाटे विष बाहेर पडतं’ या वाक्यात मात्र काही दम नाही. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी नि थोडं मीठ. विष काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यासाठी त्यांना रिसॉर्टची गरज नाही. बाहेर आल्यावर वजनकाट्यावर दिसणारी घट दोन ग्लास पाणी प्यायल्यावर परत येते.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि सॉना सुमारे ३० लाख. २०२० साली युनेस्कोने तिथल्या सॉना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एस्टोनियाच्या व्होरोमा भागातल्या धुराच्या सॉनाला (याला धुराडं नसतं, धूर निघून गेल्यावरच आत जायचं) त्याआधीच, २०१४ मध्ये घेतलं होतं. टॅम्पेरे शहरातला १९०६ सालचा सार्वजनिक सॉना अजून चालू आहे. पूर्वी तिकडे बाळंतपणं सॉनात होत, कारण घरातली सगळ्यांत उबदार नि स्वच्छ जागा तीच. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवली. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, दार लावलेलं. तिथे जे चाले त्याला वेलनेस म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि खोलीच तापवायची कल्पना तर आपल्याकडे लेखी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला १४वा अध्याय घाम आणण्याच्या उपचारांवर आहे. अग्नीने द्यायच्या स्वेदाचे १३ प्रकार त्यात दिलेत, त्यांतला एक जेंताक. जलाशयाच्या काठी गोल खोली बांधायची, मधोमध मातीची भट्टी, त्यात खैरासारखी लाकडं जाळायची, आणि धूर निघून गेला की अंगाला तेल लावलेल्या माणसाने आत जाऊन भिंतीलगतच्या ओट्यावर पडायचं. तळं, लाकूड, धूर गेल्यावर आत जाणं… एस्टोनियातला माणूस हे वाचून म्हणेल, आमचंच आहे. पण त्यानंतरची सूचना वाचून तो चमकेल. चरक म्हणतो, बाहेर आल्याबरोबर गार पाण्याला हात लावू नकोस, डोळ्यांना जपायचंय. मुहूर्तभर, म्हणजे सुमारे पाऊण तास थांब, शीण जाऊ दे, मग कोमट पाण्याने आंघोळ कर आणि जेव.

म्हणजे पॅकेजच्या नेमक्या उलट. या ‘गार पाण्याला हात लावू नकोस’चा अर्थ मला पेंचच्या जंगलाच्या बाजूला कळला.

डिसेंबरातली गोष्ट. रिसॉर्टचं नाव महत्त्वाचं नाही. सागाच्या झाडांमध्ये आडव्या पिंपासारखा लाकडी सॉना आणि दहा पावलांवर गार पाण्याची टाकी. मी केकसाठी वापरते तो थर्मामीटर सोबत नेला होता (घरचे यावरून अजून चिडवतात). टाकीत धरला तर ११ अंश. माझा मामेभाऊ गोलू पंधरा मिनिटं आत बसून लालबुंद होऊन बाहेर आला. मी म्हटलं, हळूहळू उतर. “काही नाही होत ताई, तू उगीच घाबरून राहिली,” म्हणाला आणि नाक दाबून धप्पकन उडी मारली. दहा वर्षं स्विमिंग टँकवर काढलेला माणूस. वर आला तेव्हा तोंड सताड उघडं, डोळे वटारलेले, दोन्ही हातांनी कडा गच्च पकडलेली, आणि धापा. कुत्र्यासारख्या छोट्या छोट्या धापा, आवाज फुटत नव्हता. त्याच्या बायकोला वाटलं नाटक करतोय. ती व्हिडिओ काढत होती. पाऊण मिनिटाने त्याचा श्वास जरा लांबला आणि तो एक हात सोडवून शिडी शोधू लागला. टाकीशी तेव्हा रिसॉर्टचं कुणी नव्हतं, आणि कसं उतरायचं हे सांगणारी पाटीही नव्हती. याचा मला अजून राग आहे.

याला इंग्रजीत ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या माइक टिप्टन यांनी त्यावर अनेक दशकं काम केलं आहे. कातडीतले थंडीचे संवेदक एकदम पेटतात आणि माणूस नकळत एक मोठा श्वास आत ओढतो. हा श्वास आपल्या ताब्यात नसतो. तेव्हा डोकं पाण्याखाली असेल तर श्वासासोबत पाणी आत जातं, आणि बुडायला छातीभर खोली लागत नाही. त्यामागोमाग धापा, ठोक्यांची धावपळ, आणि वर चढणारा रक्तदाब, कारण सॉनाने उघडलेल्या सगळ्या रक्तवाहिन्या एका झटक्यात मिटतात. चेहरा पाण्यात बुडाला की आणखी एक गुंता होतो. गार पाण्यात चेहरा गेला की हृदय सावकाश करायचं, अशी शरीराची एक जुनी सवय आहे. म्हणजे कातडी सांगते पळ आणि चेहरा सांगतो थांब. स्कूटीचा ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबल्यासारखं. निरोगी हृदय हे बहुधा निभावतं. ज्याच्या हृदयात आधीच काही दोष आहे, त्याच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

दिलासा असा की हा धक्का मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट बर्फाळ पाण्यासाठी १-१०-१ असा हिशेब सांगतात. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातापायांत उपयोगाची ताकद राहते, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. गार पाण्यात माणूस गारठून मरतो असा आपला समज. प्रत्यक्षात बरेच जण त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या मिनिटात बुडतात. सवयीने हा धक्का कमीही होतो. तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनी तो जवळजवळ निम्म्यावर येतो, असं टिप्टन यांच्या कामातून दिसलं. कार्तिकस्नानाला नदीवर जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका आठवा. आधी पाय, मग ओंजळीने तोंडावर, मानेवर पाणी, मग हळूच खाली. उडी कुणी मारत नाही.

मग इतकी झकमारी करून मिळतं काय?

सॉनाच्या बाजूने सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास पूर्व फिनलंडमधला आहे. यारी लाउक्कानेन आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला. मध्यमवयीन २,३१५ पुरुषांवर सुमारे वीस वर्षं नजर ठेवली. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, हृदय अचानक बंद पडून मरण्याचं प्रमाण ६३ टक्के कमी दिसलं. आकडा भला मोठा आहे. पण रोज सॉनात बसू शकणारा माणूस मुळातच धडधाकट असतो, त्याला वेळ असतो, आजारी माणूस तिकडे फिरकत नाही. संशोधकांनी धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरलं, तरी हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. आणि ती माणसं जन्मभर सॉना घेणारी होती. वर्षातून एका वीकेंडला दोन फेऱ्या मारून त्यातलं काय पदरात पडेल, याबद्दल मला तरी फार आशा नाही.

गार पाण्याच्या बाजूचा माझा आवडता प्रयोग हॉलंडमधला. २०१६ साली ३,०१८ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींनी महिनाभर रोजच्या आंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार शॉवर घेतला, काहींनी नेहमीसारखी आंघोळ केली. गारवाल्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्के कमी झाल्या, पण आजारी असण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. आजार तेवढाच, दांड्या कमी! हे वाचून कुठल्याही हेडमास्तरांना आनंद व्हावा. ३० सेकंद आणि ९० सेकंद यांत फरकही पडला नाही. ‘गार पाण्याने डोपामिन (उत्साहाशी जोडलं जाणारं मेंदूतलं रसायन) २५० टक्के वाढतं’ हे जाहिरातीतलं वाक्य खोटं नाही, फक्त ते २०००च्या एका छोट्या प्रयोगातून आलंय, ज्यात मोजक्या तरुण पुरुषांना १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसवलं होतं. तुम्ही बसणार दोन मिनिटं. जिमवाल्यांसाठी आणखी एक: वजनं उचलल्याबरोबर गार पाण्यात बसण्याची सवय लावली तर स्नायूंची वाढ मंदावते, असं २०१५च्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात दिसलं.

एवढं असूनही बाहेर आल्यावर जो उत्साह वाटतो तो खराच असतो. मी स्वतः (पायापासून, हळूहळू) उतरून आले, तासभर अंगात हलकं झिणझिणत होतं आणि मी विनाकारण सगळ्यांशी गोड बोलत होते. यातलं पाण्याचं किती, झाडांचं किती आणि मोबाइल खोलीत ठेवल्याचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. झाडांचा वाटा मला तरी मोठा वाटतो. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातली कागदपत्रं तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा थोडे आधी घरी गेले आणि त्यांनी जोरदार वेदनाशामकंही कमी घेतली. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द काढला तो काही औषध म्हणून नाही, लोकांनी जंगलात चालावं म्हणून. पेंचला त्या संध्याकाळी रातव्याचा टकटक आवाज ऐकत आम्ही तासभर बसलो, त्याचे पैसे बिलात नव्हते.

निसर्ग हा शब्द या धंद्यात सैल वापरला जातो, हेही सांगायला हवं. आइसलँडचं प्रसिद्ध ब्लू लगून नैसर्गिक कुंड नाही. शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी साचून ते तयार झालं. आपल्या कोराडीच्या वीजकेंद्रामागे कुणी तिकीट लावल्यासारखंच.

नागपूरकराला गरम वाफ आणि गार पाणी हे काही नवं नाही खरं तर. इथून ७५ किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, आणि त्यांच्या निसर्गोपचारावर लाइपझिगच्या लुई कुने यांचा मोठा प्रभाव होता. कुने यांचा उपचार म्हणजे वाफ घ्यायची आणि मग गार पाण्याच्या टबात कटिस्नान. फक्त कमरेपुरतं पाणी, डोकं-छाती बाहेर. कोल्ड शॉकचं शास्त्र तेव्हा नव्हतं, पण पद्धत शहाणी होती.

जायचंच असेल तर आपला हंगाम डिसेंबर-जानेवारी. मेमध्ये आपलं शरीर दिवसभर आधीच सॉनात असतं, त्यात भर घालू नये. पहिल्या वेळी खालच्या बाकावर बसा, वरच्या बाकावर धग जास्त असते. आठ-दहा मिनिटं पुरतात, चक्कर वाटली तर त्याआधीच उठा. दारू प्यायची असेल तर सॉना नको. हृदयविकार, अनियंत्रित बीपी, गरोदरपण, लघवी वाढवणाऱ्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि विचारूनही गेलात तर गार टाकी सोडून द्या, चरकाचा पाऊण तास थांबा. बाहेर येऊन लगेच गाडी चालवायला बसू नका, गार पाण्यातून निघाल्यावरही काही मिनिटं आतलं तापमान उतरत राहतं. रिसॉर्टच्या टाकीऐवजी तलावात उतरायचा मोह तर नकोच. काठाचा अंदाज नाही, गाळ आहे, काढायला कुणी नाही.

आणि कडेला एक माणूस हवा, ज्याच्या हातात मोबाइल नसून घड्याळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलू पुन्हा टाकीकडे निघाला. या वेळी सात मिनिटं सॉना, पाच मिनिटं बाहेर उभा राहून संत्रं खाल्लं, मग शिडीवरून एकेक पाय. गुडघे, कंबर, तोंडावर दोन ओंजळी पाणी, मग छाती. मी घड्याळ धरून उभी. धक्का ओसरला की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येणं. दहा सेकंदं नुसता हुंकार. वीसला “आई गं”. चाळीसला काहीतरी अर्धवट. पंचावन्नाव्या सेकंदाला तो नीट, एका दमात म्हणाला, “ताई, कालचा व्हिडिओ तेवढा डिलीट करायला सांग तिला.”